सामानाच्या खोलीबाहेर बसलेल्या मार्थामावशी

मार्थामावशींची नोकरी माझ्यामुळे गेली.

आज सकाळी मावशीच गेल्या. भिंगारला, मुलाच्या घरी. नव्वदीला टेकल्या होत्या.

शाळेच्या ग्रुपवर बातमी आली. खाली जोडलेल्या हातांची रांग. मधेच दोघींनी विचारलंय, "या कोण गं?"

सांगते कोण.
थकलेय खरं तर. पण आज नाही लिहिलं तर कधीच लिहिणार नाही, मला माझा स्वभाव माहीत आहे.

बहात्तरच्या दुष्काळाचं वर्ष. मी आठवीत, मुलींच्या खो-खो टीमची कॅप्टन. मार्थामावशी शाळेत शिपाईबाई. झाडलोट, पाण्याचे माठ, घंटा, सगळं त्यांच्याकडे.

त्या वर्षी मैदान वाळून टणक झालं होतं. रोज कुणाचा तरी पाय मुरगळायचा.

मग आमचे खेळाचे सर म्हणायचे, "चल, मालिश करून देतो."
खेळाच्या सामानाच्या खोलीत. एकटीला. दार लावून.

पुढचं लिहीत नाही. हे वाचणाऱ्या काहीजणींना ते लिहून दाखवायची गरज नाही.

आम्ही आपापसातसुद्धा बोलायचो नाही.
फक्त पाय मुरगळला तरी लंगडायचं नाही, एवढं नऊच्या नऊ जणी शिकलो.

ते मावशींच्या लक्षात आलं. माठापाशी मला धरलं.
"पाय केवढा सुजलाय तुझा. आन् चालतीस कशी नीट? कुनाला भेतीस गं?"
मी पाणी प्यायले आणि पळाले.

दुसऱ्या दिवसापासून खेळाच्या तासाला मावशी त्या खोलीच्या उंबऱ्यावर बसायला लागल्या. हातात झाडू.

सर चिडले. "बाई, तुम्हाला दुसरं काम नाही का?"
"हाय की. हे झालं की करते."

महिनाभर त्यांचं 'हे' काही झालं नाही. त्या महिन्यात एकही पोरगी त्या खोलीत गेली नाही. मी पायाला फडकं बांधून उघड उघड लंगडले, एवढं हायसं वाटलं होतं.

पण मावशी किती दिवस राखण करणार? आम्ही जिल्ह्याच्या सामन्यांना बाहेरगावी जाणार होतो. सरांबरोबर, मुक्कामाला.
म्हणून त्या हेडमास्तरांकडे गेल्या आणि सगळं सांगितलं.

हेडमास्तर म्हणाले, "बाई, केवढा आरोप करताय. पुरावा काय?"
"पोरींना इचारा. पोरी सांगत्याल."

आणि आम्हाला ऑफिसात बोलावलं.

आता नीट वाचा, कारण मी पन्नास वर्षं इथेच अडकले आहे.

आमच्या टीमची एक पद्धत होती. मॅचच्या आधी रांगेत उभं राहायचं आणि एकेकीने सरांच्या पाया पडायचं. कॅप्टन पहिली.

ऑफिसात हेडमास्तर, शाळेच्या कमिटीचे दोघे आणि खुर्चीत सर. दाराशी मावशी उभ्या.
आम्ही रांगेत आत गेलो. मी पहिली.
समोर सर दिसले.

मी वाकले. पाया पडले.
विचार केला नाही हो. पाठच आपोआप वाकली. माझ्यामागे बाकीच्या आठही जणी वाकल्या.

कमिटीतले एक गृहस्थ हसले. "बघा! या पोरी अशा पाया पडतात, आणि ही बाई म्हणते..."
मग मला विचारलं, "बोल बाळ. काही त्रास आहे का?"

मी म्हणाले, "नाही."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. तेच तर.

त्याच आठवड्यात त्यांना काढून टाकलं. सामन्यांना मात्र आम्ही गेलोच नाही. काही ना काही कारण काढून शाळेने टीम पाठवली नाही. कमिटीतल्या कुणाला तरी आतून कळलं असणार. कळलं आणि तरी गप्प बसले.
एवढं मात्र मावशींमुळे वाचलं.

पुढे सर सन्मानाने रिटायर झाले. वारले तेव्हा ग्रुपवर 'आदर्श शिक्षक' म्हणून लांबलचक पोस्टी आल्या.
मीही खाली जोडलेले हात टाकले.
पुन्हा तेच. अंगठा आपोआप गेला. स्वतःची किळस येते कधी कधी.

मावशी मला त्यानंतर एकदाच भेटल्या. माझी मुलगी तेव्हा आठवीत होती. भिंगारच्या बाजारात त्या भाजी घेत होत्या. मी ओळख दिली आणि तिथेच रडायला लागले. म्हटलं, "मावशी, मी तेव्हा खोटं बोलले."

त्यांनी पिशवी खाली ठेवली.
"लेकरं हुता तुमी. पाया पडायला आमी मोट्यांनीच शिकिवलं ना तुमाला?"

"तरी पण मावशी..."

"मला नगं सांगू. मला ठावं हाय. ज्याला ठावं न्हाई त्याला सांग."

मी हो म्हणाले.
आणि कुणालाही सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीलाही नाही. आधी सासर, मग मुलीचं लग्न, मग आता काय उपयोग. कारणांना तोटा नसतो.

आता नातीला खो-खोच्या क्लासला घातलंय. परवा ती म्हणाली, "आजी, पाय दुखत नाहीये, खरंच." आणि पाऊल जपून टाकत होती.
मी तिला खोदून खोदून विचारलं.
नवीन बूट चावत होते, एवढंच निघालं. पण त्या दोन रात्रींची झोप गेलीच.

तर ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी ऐका.

मार्थामावशी खरं बोलल्या होत्या.
त्या खोलीत मी तीनदा गेले होते.
ऑफिसात मला विचारलं, "त्रास आहे का?" त्याचं उत्तर 'हो' असं आहे.

ग्रुपवरच्या कुणाला राग आला तर येऊ दे. बाकीच्या आठजणींनी काही लिहायलाच हवं असं नाही. वाटलं तर फोन करा, मी घरीच असते.

मावशी, फार उशीर केला मी. माफ करा असं म्हणायलाही तोंड नाही.
उद्या सकाळी दफनाला येतेय. नातीला घेऊन.
तुमच्या पाया पडेन.
या वेळी ठरवून.