माफीवाले डॉक्टर

इतक्या उत्साहानं माफी मागणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही! इंजेक्शन दुखलं, माफ करा. औषध कडू निघालं, माफ करा. सगळी भोसरी त्यांना माफीवाले डॉक्टर म्हणायची. त्यांच्या दवाखान्याच्या वरच माझी नवी वकिली होती आणि इमारतीत चिंता करणारा मी एकटाच.

"अहो, कोर्टात माफीला कबुली म्हणतात," मी बजावायचो.

"मग पेशंटला काय म्हणू? अभिनंदन?"

आणि एकदा खरंच चुकले की! कारखान्यात लेथ चालवणाऱ्या शब्बीरभाईंच्या तळहातात लोखंडाचा कीस घुसला होता. डॉक्टरांनी टाके घातले, पण एक तुकडा आतच राहिला. आठ दिवसांत हात भोपळ्यासारखा सुजला. हा कामचुकारपणा करतोय म्हणत कारखान्याचा मालक त्यांना कामावरून काढायला निघाला.

डॉक्टरांनी टाके उसवून तुकडा काढला, माफी मागितली आणि मालकाला चिठ्ठी लिहायला लगेच लेटरहेड ओढलं. मी जिन्यावरून अक्षरशः गडगडत खाली आलो.

"एक ओळ लिहिलीत तर मेलात! उद्या या शब्बीरभाईंनीच फिर्याद केली तर हाच कागद पुरावा! 'दुर्दैवाने जखम चिघळली' एवढंच लिहा."

"दुर्दैवानं टाके घातले होते का, वकीलसाहेब?"

त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, "तुकडा माझ्या चुकीने आत राहिला. शब्बीर यांचा दोष नाही." खाली सही, शिक्का. वर तो तुकडाही चिकटपट्टीनं कागदाला चिकटवला! मी कपाळावर हात मारून घेतला.

शब्बीरभाईंची नोकरी वाचली. माझी झोप मात्र उडाली. महिन्याभरानं शब्बीरभाई हातात पुडकं घेऊन दवाखान्यात शिरले, तेव्हा 'आली नोटीस' म्हणून मी धावलो. पुडक्यात निघालं लोहचुंबक, पितळी मूठ बसवलेलं, स्वतः लेथवर घडवलेलं.

"टाके घालायच्या आधी हे फिरवत जावा, डॉक्टरसाब."

डॉक्टर हरखले! पुढे खोकल्याच्या पेशंटवरूनही ते चुंबक फिरू लागलं.

काही वर्षांनी दवाखाना कायमचा बंद करून डॉक्टर गावी निघाले, तेव्हा एसटीच्या खिडकीतून म्हणाले, "वकीलसाहेब, तुम्हाला फार घाबरवलं. माफ करा."

"लेखी द्या," मी कसंबसं म्हणालो.

पठ्ठ्यानं पिशवीतून लेटरहेड काढलं. "घाबरवलं ते मी. वकिलांचा दोष नाही." सही. आणि सुटत्या गाडीत, मांडीवर ठेवून, शिक्कासुद्धा!

पुढे एकदा मी एका अशिलाची तारीख विसरलो. सबबी जुळवत बसलो होतो, तेवढ्यात टेबलाच्या खणात डॉक्टरांचा तो कागद दिसला. उठलो, अशिलाच्या घरी गेलो आणि म्हणालो, "चुकलो. माफ करा."