मेपलचं सोनं

आमच्या मंडळाच्या अध्यक्षांना कोणताही विषय चालतो, आणि त्यांना थांबवणारा अजून जन्माला यायचाय. गेल्या दसऱ्याआधीच्या मीटिंगमध्ये त्यांनी विषय घेतला मेपलच्या झाडाचा, तोही न्यू जर्सीत, पिस्कॅटवेच्या आमच्या घरात, मी तळलेले बटाटेवडे खात. मेपलचा पाक होतो, मेपलचं फर्निचर होतं, बोलिंगच्या लेनसुद्धा मेपलच्या असतात. "मग दसऱ्याला मेपलचं सोनं का नाही?"

आपट्याची पानं इकडे मिळत नाहीत, म्हणून इतकी वर्षं आम्ही बायका सोनेरी कागदाची पानं कापायचो. अध्यक्षांना ते 'चीप' वाटायचं. कार्यक्रमाच्या दिवशी, रविवारी सकाळी ते एकटेच पार्कात गेले आणि दोन पिशव्या भरून पानं घेऊन थेट हॉलवर आले. पानं होती मात्र देखणी. लालभडक, तुकतुकीत, एका देठाला तीन-तीन.

माझी मुलगी चौदा वर्षांची, व्हायोलिन वाजवते. त्यानंतरच्याच गुरुवारी तिची यूथ ऑर्केस्ट्राची ऑडिशन होती आणि उन्हाळाभर तिने दुसरं काही केलं नव्हतं. तरी मी तिला कार्यक्रमाला ओढून आणलं, कारण 'तुमची लेक हल्ली दिसत नाही' हे मला तीन काकूंनी ऐकवलं होतं.

तिने पिशवीत डोकावलं आणि दोन पावलं मागे सरली. "आई, धिस इज नॉट मेपल. पॉयझन आयव्ही आहे. डोन्ट टच इट."

इकडच्या मुलांना हे समर कॅम्पात शिकवतात. ही विषारी वेल झाडांवर चढते, तिची पानं तीन-तीनच्या जुडीने येतात, आणि हात लागला की एक-दोन दिवसांनी फोड उठतात. मी अध्यक्षांना हळूच विचारलं, "पानं वेलीवरची नाहीत ना?"

"वहिनी, मेपलच्या खोडावरून तोडलीत. मेपलवर मेपलच येणार ना? इतकी वर्षं काढली मी या देशात!" मग मुलीकडे वळून, "बेटा, यूट्यूब जरा कमी बघ."

सगळे हसले. मीही हसले. लिहिताना लाज वाटते, पण हसले.

पानं वाटायला सुरुवात झाली. सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. मुलगी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी. शेजारच्या काकू म्हणाल्या, "इकडच्या मुलांना कोणी काही शिकवतच नाही बाई." लेकी बोले सुने लागे म्हणतात, इथे सुनेच्या जागी आई होती, आणि मला ते बरोबर लागलं. मी तिचा डावा हात धरून पुढे ओढला आणि दातओठ खात म्हटलं, "घे. तमाशा नकोय." तिने माझ्याकडे बघत पान मुठीत घेतलं.

मंगळवारपर्यंत मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर शुभेच्छा संपून मलमांची नावं सुरू झाली. काकूंची हनुवटी सुजली, कारण त्यांना बोलताना हनुवटीला हात लावायची सवय. अध्यक्षांना काही झालं नाही. काही जणांना त्या वेलीचा त्रास होतच नाही म्हणे. गेंड्याच्या कातडीबद्दल मी ऐकून होते, जवळून पहिल्यांदाच पाहिली. त्यांनी ग्रुपवर लिहिलं की रविवारच्या वड्यांचं तेल तपासायला हवं. तेही वडे माझेच होते.

मुलीच्या डाव्या हाताची बोटं सुजून एकमेकांना चिकटल्यासारखी झाली. व्हायोलिनच्या तारा दाबायच्या त्या हाताने. गुरुवारी आम्ही ऑडिशनला गेलो नाही. पुढची संधी वर्षभराने.

संध्याकाळी मी मलम घेऊन तिच्या खोलीत गेले. जिना चढताना वाक्यं जुळवली होती. व्हायोलिन उघड्या पेटीत पडलं होतं.

"मला वाटलं, असेलही मेपल," मी म्हणाले.

तिने उजव्या हाताने व्हायोलिन उचलून उलटं केलं. पाठीच्या लाकडावर वाघासारखे फिकट पट्टे होते. अध्यक्षांच्या यादीत हा उपयोग नव्हता.

"हे मेपल आहे, आई. आणि ते काय होतं, ते मी तुला सांगितलं होतं."

मलमाचं झाकण उघडून मी हात पुढे केला. तिने आपला हात पाठीमागे नेला.

या वेळी मी तो ओढला नाही.