सी लझहर यांनी घेतलेला कागद

आमच्या न्यायालयात येणारा प्रत्येक कागद आधी आवक कारकून लझहर यांच्या टेबलावर यायचा; आम्ही सगळे त्यांना आदराने 'सी' लझहर म्हणायचो. ते त्यावर शिक्का मारत, आवक बारनिशीत नोंद करत, मगच तो आत जायचा. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं. मी शेजारी टंकलेखनाला बसायचे. ट्युनिशियाच्या आमच्या या डोंगराळ भागात कुठलंही मतदान असलं की केंद्रांचा आराखडाही तेच करायचे. कुठल्या शाळेपर्यंत गाडी जाते, कुठे पेटी खेचरावर न्यावी लागते, सगळं त्यांना पाठ.

त्या वर्षी नव्या राज्यघटनेवर सार्वमत ठरलं. सी लझहर आराखड्याला लागले. जूनच्या सुरुवातीला टीव्हीवर एक यादी वाचून दाखवली. राष्ट्राध्यक्षांनी बडतर्फ केलेल्या न्यायाधीशांची. त्यात आमच्या मॅडम वसीलांचं नाव होतं. पोलिसप्रमुखाला तुरुंगात हवा असलेला एक माणूस त्यांनी पुराव्याअभावी सोडला होता. आरोप नाही, नोटीस नाही, सुनावणी नाही.

"कोंबडी चोरणाऱ्यालाही आपण विचारतो, तुझं म्हणणं काय," सी लझहर म्हणाले. "न्यायाधीशाला विचारायला नको?"

"यादीत लाच खाणारेही आहेत म्हणे," मी म्हटलं.

"असतील. मग त्यांचा खटला चालवा. खाणारा आणि न खाणारा एकाच दोरीत बांधायचे, ही कुठली समानता?"

मॅडम वरच्या न्यायालयात दाद मागायला गेल्या. ऑगस्टमध्ये बडतर्फीला स्थगिती मिळाली. पण त्याआधी जुलैत सार्वमत होऊन गेलं होतं. सी लझहर यांच्याच आराखड्याप्रमाणे सगळ्या पेट्या वेळेवर पोचल्या. ते स्वतः मात्र मत द्यायला गेले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "पाय निघाला नाही."

स्थगितीचा हुकूम घेऊन मॅडम न्यायालयात आल्या. त्यांच्या दालनाला कुलूप होतं.

"लझहर, दार उघडा."

"मॅडम, किल्ली न्यायालयाच्या अध्यक्षांनी मागून घेतलीय."

"मग हा हुकूम तरी घ्या."

अध्यक्ष मागे येऊन उभे होते. "हा कागद घ्यायचा नाही," ते म्हणाले.

"तसं लेखी द्या, साहेब," सी लझहर म्हणाले. "तेही बारनिशीत घेतो."

अध्यक्ष वळून आपल्या दालनात गेले. सी लझहर यांनी शिक्का मारला, नोंद केली आणि पोच मॅडमच्या हातात दिली.

महिन्याभरात सी लझहर यांची बदली झाली, थेट दक्षिणेला, वाळवंटाच्या कडेच्या गावी, तळघरातल्या दप्तरखान्यात. निवृत्तीला आठ महिने उरले होते. बायको म्बारका डायलिसिसवर, आठवड्यातून तीनदा इस्पितळ. तिला तिकडे नेता येईना, कारण तिथे ते यंत्रच नव्हतं. बदली रद्द करण्यासाठी दिलेल्या अर्जाला उत्तर आलं नाही.

मग मॅडम वसीला स्वतःची जुनी गाडी घेऊन त्यांच्या दारात उभ्या राहिल्या. हुकूम असूनही कुणी त्यांना कामावर घेत नव्हतं. वकिलीची सनद मागितली, तीही मिळाली नव्हती. दर सोमवारी, बुधवारी, शनिवारी त्या म्बारकाला इस्पितळात न्यायच्या, चार तास बाहेर बसायच्या आणि घरी आणून सोडायच्या. मी एकदा बरोबर होते.

"माझ्या नवऱ्याने एक शिक्का काय मारला, न्यायाधीशबाईच माझी ड्रायव्हर झाली," म्बारका म्हणाली.

"आणि ड्रायव्हरला घाई आहे. पट्टा लावा," मॅडम म्हणाल्या.

फेब्रुवारीत म्बारका गेली. मॅडमनी फोन केला तेव्हा सी लझहर तळघरात होते. तिथून आमच्या गावापर्यंत लुआजच्या, म्हणजे सहा-आठ जण मिळून जातात त्या टॅक्सीच्या, तीन गाड्या बदलाव्या लागतात. ते पोचले तोवर दफन उरकलं होतं. कबरीवरची माती ओलीच होती. ते बराच वेळ तिथे उकिडवे बसले. मॅडम लांब, कब्रस्तानाच्या भिंतीपाशी उभ्या राहिल्या.

आता ते निवृत्त होऊन घरी आले आहेत. मॅडमचं प्रकरण अजून तसंच आहे. परवा बाजारात सी लझहर भेटले, तेव्हा धीर करून मी विचारलं, "तो कागद घेतल्याचं वाईट वाटतं का?"

"शेवटी म्बारकाजवळ असायला हवं होतं मी," एवढंच म्हणाले, आणि कांदे निवडायला वाकले.