गाझियाबादमधली स्ट्रॉबेरी

आई गेली त्या वर्षी मी बाबांना पाचगणीहून गाझियाबादला घेऊन आले. आमची कॉलनी तेव्हा नवीच वसत होती. रस्ते आखून झाले होते, पण निम्म्या प्लॉटांवर गुडघाभर गवत होतं. आमच्या घराच्या बाजूलाही जमिनीचा एक तुकडा रिकामा होता. माझ्या नवऱ्याने कर्ज काढून गाडी बुक केली होती, तिच्या शेडसाठी तो राखलेला होता.

बाबा दिवसभर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचे. हिंदी त्यांना समजायचं, बोलायचा धीर होत नसे. आईबद्दल ते अवाक्षर काढत नसत. त्यांना त्रास नको म्हणून मीही काढत नव्हते.

एका रविवारी सकाळी बाहेर येऊन पाहते तर बाबा ओणवे होऊन त्या रिकाम्या तुकड्यावर रांगोळीच्या फक्कीने रेघा ओढत होते.

"हे काय, बाबा?"

"वाफे. चार बसतात बघ. मध्ये पायवाट ठेवलीय, म्हणजे खाली बसून तोडता येईल."

"काय तोडता येईल?"

"स्ट्रॉबेरी," ते म्हणाले, जणू मला हे कळायलाच हवं होतं.

पाचगणीला ते शाळेच्या ऑफिसात कारकून होते. आमच्या भाड्याच्या घरामागे दरवर्षी आई आणि ते मिळून थोडी स्ट्रॉबेरी लावायचे. पण ते पाचगणी होतं.

चहाचा कप घेऊन नवरा बाहेर आला आणि रेघा बघत उभा राहिला. बाबांना तेव्हाच गाडी आठवली असावी, कारण ते गडबडीने पायाने फक्की पुसायला लागले.

"राहू द्या, बाबा," नवरा म्हणाला. "गाडी काय, रस्त्यावरही उभी राहील."

खणायला घेतलं तेव्हा कळलं की वरची वीतभर मातीच काय ती माती. खाली बिल्डरने सगळा मलबा दाबला होता. विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळं, एक अख्खी चप्पल. ते उपसून शेणखत मिसळण्यात पावसाळा संपला. बाबांच्या हातांना फोड आले आणि त्यांना रात्री झोप लागायला लागली.

दिवाळीच्या आधी माझा भाऊ ओल्या गोणपाटात रोपं गुंडाळून रेल्वेने घेऊन आला. बरीचशी वाटेतच सडली होती. उरली ती बाबांनी लावली, खाली पेंढा अंथरला.

शेजारच्या आंटी कंपाउंडच्या भिंतीवरून हे सगळं पाहत होत्या. त्या एकट्याच राहायच्या, मुलगा परदेशात.

"भाईसाहब, यहाँ लू चलती है," त्या म्हणाल्या. "फालसा लगाओ, फालसा." फालसा म्हणजे तिकडचं भर उन्हाळ्यात पिकणारं, आंबटगोड जांभळं फळ.

बाबांनी मान डोलावली आणि मला मराठीत विचारलं, "लू किती दिवस असते गं?"

"ते गरम वारे? दोन महिने तरी."

"मग बघू."

थंडी त्या रोपांना मानवली. होळीच्या आधी पेंढ्यावर लाल फळं दिसायला लागली. बाबांनी पहिली वाटीभर फळं आंटींकडे नेऊन दिली. त्यांनी एक खाल्लं, डोळे मिटून घेतले आणि म्हणाल्या, "हाय, कितनी खट्टी!" बाबा हसले, अगदी मोठ्याने. आई गेल्यापासून मी ते हसणं ऐकलं नव्हतं.

मग ऊन चढलं. पानांच्या कडा करपायला लागल्या. बाबा दिवसातून तीनदा पाणी घालायचे, पण दुपारी रोपं माना टाकायचीच. एक दिवस मी ऑफिसमधून आले तर वाफ्यांवर बांबू रोवून सावली केलेली. सावली आईच्या सुती साड्यांची. निळी, फिकट हिरवी, ती बारीक चौकटीची. पाचगणीहून आणलेली तिच्या साड्यांची ट्रंक तोवर आम्ही कुणीच उघडली नव्हती.

मला राग आला. "बाबा, या साड्या..."

"नुसत्याच पडून होत्या," ते म्हणाले. "तिनेच काढून दिल्या असत्या."

मी आत जाऊन स्वयंपाकघरात उभी राहिले. तोच आईचा पहिला उल्लेख होता.

लू आली तसे साड्यांचे काठ फाटत गेले. जूनच्या सुरुवातीला एकही रोप उरलं नाही. बाबांनी साड्या उतरवल्या, धुतल्या, फाटलेल्या जागा टाचून पुन्हा घड्या घातल्या. मला वाटलं, आता ते परत खुर्चीत जाऊन बसणार.

पण पाऊस सुरू झाल्यावर ते स्वतःच भिंतीपाशी गेले आणि आयुष्यात प्रथमच एक अख्खं हिंदी वाक्य बोलले. "बहनजी, वह फालसा किधर मिलेगा?" आंटींना इतका आनंद झाला की रिक्षात बसवून त्यांना नर्सरीतच घेऊन गेल्या. फालशाचं झाड पसरतं, त्याला जागा लागते, म्हणून चार वाफ्यांचा आराखडा मोडून बाबांनी नवा केला. भिंतीकडेला फालसा, रस्त्याच्या बाजूला तुतीची एक फांदी.

संध्याकाळी मी आले तेव्हा ते चिखलाचे पाय घेऊन मधोमध उभे होते.

"हा कोपरा उरतोय. तुला काय हवंय?"

गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, मी स्वतःलाही नाही.

"रसभरी," मी म्हणाले. "कागदी टरफलातली. आई मला शाळेतून येताना घेऊन द्यायची."

"माहितेय," बाबा म्हणाले. "चिंध्यांसारखी ती टरफलं तू उशीखाली जमवायचीस. ती रोज झाडून काढायची आणि चिडायची."

आम्ही तिथेच, ओल्या विटांवर बसलो. अंधार पडेपर्यंत बाबा बोलत होते, आणि मी विचारत होते.