गच्चीवरचं विमान

यशवंतपूरला आमच्या वरच्या खोलीत राहणारे गृहस्थ विमानांच्या कारखान्यात नोकरीला होते. तिकडे पतंगांचा मोसम आषाढात; तो वारा सुटला की रविवारी ते ऑफिसचा टाय लावून गच्चीवर पतंग उडवत. टाय कशाला, असं विचारलं की म्हणत, "अहो, आपल्या कायद्यात विमानाच्या व्याख्येत पतंगही बसतो. इंग्रज लिहून गेलेत. मग वैमानिकानं नीटनेटकं नको का राहायला?"

आमचे घरमालक धारवाडकडचे. डोक्यावरच्या धावपळीला वैतागून एकदा ते सरळ हवालदारालाच घेऊन वर आले. मीही गच्चीवरच होतो; आमचंही बिऱ्हाड हलवावं लागतंय की काय, म्हणून घाबरलो. गृहस्थ मात्र शांतपणे म्हणाले, "सरी, बरोबर आहे तुमचं, गुन्हा कबूल. परवान्याशिवाय विमान उडवतोय. पण मला नेलंत, तर ते खाली कोण उतरवणार?" आणि त्यांनी मांजा हवालदाराच्याच हातात दिला.

हवालदार हसला. त्यानं स्वल्प ओढून पाहिलं, मग आणखी थोडं. तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून एक लाल पतंग त्याच्या पतंगावर चालून आला. तसे घरमालक पुढे धावले आणि ओरडले, "अण्णा, ढील द्या, ढील! कापतोय तो!"