रतनच्या हातातला पेचकस

रतन गेल्याचा फोन आला तेव्हा मी मंडल ऑफिसात एका पहाणीच्या, म्हणजे तिकडच्या सातबाऱ्याच्या, नकलेवर शिक्का मारत होतो. फोन करणारा आमच्याच शाळेत शिकलेला, आता रतनच्या शाळेत मास्तर. म्हणाला, "रत्नपाल सर गेले. सकाळी शाळेत जायच्या तयारीत होते. हार्ट." मी "अरे अरे" म्हटलं, शिक्का बाजूला ठेवला, आणि माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली असेल? लिहायलाही लाज वाटते... मनात आलं, आता हा कबूल कधीच करणार नाही. छत्तिशीतला माणूस गेला, मागं बायको आणि दुसरीतली लेक, आणि मी शाळेतल्या एका फ्लॉपीचा राग धरून बसलो होतो. पण मी आहेच तसा. घराला कुलूप लावल्यावर चार पावलं जाऊन परत येतो आणि ते ओढून बघतो. बायको म्हणते, तुमचा कुलपावर विश्वास नाही की तुमच्या हातावर?

आम्ही नववीत असताना आमच्या हायस्कुलात दोन कॉम्प्युटर आले. सरकारी योजनेतून आले, खोकी फुटली, आणि शिकवणारे सर महिन्याभरात बदली होऊन गेले. आमचा आदिलाबाद जिल्हा तेव्हा आंध्रात, म्हणून हेडमास्तर तेलुगू होते, मोठे सज्जन. मराठी मीडियमची आम्ही पोरं रोज दाराशी घुटमळतो हे बघून त्यांनी सांगितलं, तुमचं तुम्ही शिका, पण मोडलं तर माझ्याकडं यायचं नाही. असं आमचं प्रोग्रॅमिंग मंडळ सुरू झालं. आम्ही सात जण. सर जाताना बेसिक ह्या कॉम्प्युटरच्या भाषेचं एक पुस्तक विसरून गेले होते, तेच आमचे गुरू. नियम आम्हीच केले: खोलीची चावी दर महिन्याला एकाकडं, आणि फ्लॉपी खोलीबाहेर न्यायची नाही. फ्लॉपी म्हणजे पातळ चौकोनी पाकिटातली तबकडी, प्रोग्रॅम तिच्यावर साठवायचा. पाकिटाला एक उघडी फट असायची आणि तिच्यातून आतली तबकडी दिसायची. तिथं बोट लावायचं नाही, एवढं पुस्तकात ठळक लिहिलेलं होतं.

करंट मात्र दिवसातून चार-पाच तास जायचा, आणि नेमका आमच्या वेळेला. म्हणून रतननं एक पद्धत काढली. एकानं कॉम्प्युटर व्हायचं. फरशीवर खडूनं चौकोन आखायचे, प्रत्येक चौकोनाला एक अक्षर, त्यात आकडा लिहायचा नि पुसायचा. प्रोग्रॅमवाल्यानं आपला कागद त्याच्या पुढं ठेवायचा आणि कॉम्प्युटर झालेल्यानं एकेक ओळ वाचून तेवढंच करायचं. मनानं काही करायचं नाही. ओळ चुकली तर चुकीचंच करायचं, आणि थांबायचं कुठं ते लिहिलं नसेल तर करतच राहायचं. रतन पक्का कॉम्प्युटर होता. एकदा माझ्या प्रोग्रॅमात थांबा म्हणायचं राहिलं, तर हा बाबा घंटा होईपर्यंत एकाच चौकोनात एक-एक मिळवत बसला. मी ओरडलो, "आबे पुरे ना!" तर मान वर न करता म्हणतो, "कागदावर पुरे कुठी लिवलं हाय?" सगळे पोट धरून हसले. मला वाटलं, हा मुद्दाम माझी फजिती करतो. तेव्हापासून मी त्याच्यावर जरा नजर ठेवून होतो.

दहावीत जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी शाळेतून एकच प्रोग्रॅम पाठवायचा होता. माझा होता बसचा. आता किती वाजले ते टाका, आदिलाबादची पुढची बस सांगतो. रतनचा होता पेरणीचा, कुठल्या रानाला किती बियाणं. सगळ्यांनी माझा निवडला, रतननंही माझ्याच बाजूनं हात वर केला. झालं, मला झोप लागेना. हात वर केला म्हणजे काहीतरी शिजतंय. त्यात दसऱ्याची सुट्टी आली आणि त्या महिन्याची चावी त्याच्याकडं. सुट्टीभर हा एकटा खोलीत बसून माझा प्रोग्रॅम उतरवून घेईल, दुसरं काय! मी नियम मोडून माझी फ्लॉपी वहीत दडवून घरी नेली. हे मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. सुट्टी संपल्यावर ती गुपचूप जागेवर ठेवली, आणि सगळ्यांसमोर लावली तेव्हा ड्राइव्ह नुसता करकरला. लाल दिवा, आणि पडद्यावर चूक. दहा वेळा लावली, तेच. दुसऱ्या फ्लॉप्याही चालेनात.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी खोलीत गेलो तर रतन एकटाच. ड्राइव्हचं झाकण स्क्रू काढून उघडलेलं, हातात पेचकस, शेजारी प्रयोगशाळेतल्या स्पिरिटची बाटली आणि कापूस. मला बघून त्यानं कापूस मुठीत धरला.

"काय करून राह्यला बे?"

"साफ करून राह्यलो."

"काय साफ करून राह्यला?"

मूठ तशीच मिटलेली ठेवून तो म्हणाला, "धूळ हाय."

त्यानंतर दुसऱ्या सगळ्या फ्लॉप्या सुरळीत चालल्या. मेली ती फक्त माझी. अजून काय पुरावा पाहिजे होता? चावी त्याच्याकडं, पेचकस त्याच्या हातात, आणि माझा प्रोग्रॅम पडला तर जाणार त्याचा. मी मंडळाची बैठक बोलावली आणि सगळ्यांसमोर म्हटलं, ह्यानंच केलं. आज खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट होती. त्याचा बाप आमच्या रानात निंदायला यायचा. रतनच्या जागी आमच्या भावकीतला पोरगा असता तर मी आधी विचारलं असतं, मग बोललो असतो. रतनला मी विचारलंच नाही. हात वर झाले, त्याची चावी काढून घेतली. त्यानं चावी टेबलावर ठेवली आणि गेला. मंडळात पुन्हा कधी आला नाही.

चौथ्या दिवशी माझ्या बाकावर वहीची बारा पानं होती, दोऱ्यानं शिवलेली. माझा अख्खा बसचा प्रोग्रॅम, ओळीनं ओळ, रतनच्या अक्षरात. कॉम्प्युटर होऊन त्यानं तो इतक्या वेळा चालवला होता की त्याला पाठ झाला होता. माझा स्वतःचा कागद खाडाखोडीनं भरलेला होता, मला एवढा आठवत नव्हता. दुसरा कोणी असता तर धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडला असता. मला काय वाटलं? बघा, म्हटलं ना, उतरवून घेतलाच होता! आता भीती वाटली म्हणून परत करतोय. त्या पानांवरून मी प्रोग्रॅम पुन्हा टाकला, प्रदर्शनात गेलो, बक्षीसही आणलं, आणि त्याला साधं बरं झालं म्हणालो नाही.

पुढं मी रेव्हेन्यूत चिकटलो, तो बाजारहत्नूरकडच्या एका शाळेत मास्तर झाला. तिथंही पोरांचं मंडळ चालवतो असं कानावर यायचं. एकदा लेकीच्या दाखल्यासाठी माझ्याच टेबलाशी आला. पोट सुटलेलं, चष्मा, हसणं तेच. काम झाल्यावर उठता उठता म्हणाला, "दिगंबर, त्या फ्लॉपीचं तुले एक डाव सांगायचं हाय." मला वाटलं, आला लायनीवर. पण ऑफिसात माणसं बसलेली. मी म्हटलं, "जाऊ दे ना राजा, जुनं काऊन काढतं?" तो हसला आणि गेला. मोठेपणा मी केला असं मला त्या दिवशी वाटत होतं.

त्याच्या पुण्यानुमोदनाला गेलो तेव्हा वेगळ्या तेलंगणासाठी बंद होता, एकही बस नव्हती, मोटरसायकलनं गेलो. खरं सांगतो, दुःखापेक्षा उत्सुकता जास्त होती. लोक काय सांगतात ते ऐकायचं होतं. वंदना झाली, भंतेजी बोलले, शाळेतले दोघं-तिघं बोलले. मग त्याचा एक जुना विद्यार्थी उठला, आता हैदराबादला कंपनीत आहे. म्हणाला, "सर आमाले पहिल्या दिवशी येकच गोष्ट सांगत. त्यायचा येक दोस्त व्हता, फार हुशार. दसऱ्याले त्यानं फ्लॉपी घरी नेली आन् विळ्या-वखरासंगं तिची पूजा केली! हळद, कुकू, तांदूळ, सारं. कुकू त्या फटीतून आत गेलं, ड्राइव्हले लागलं. सरायनं कापसानं पुसून काढलं, तर कापूस लालभडक!"

मंडपात हसू पसरलं. मेलेल्या माणसाच्या आठवणीनं येतं तसं, डोळे पुसत पुसत. आणि मला माय दिसली. खंडेनवमीला पाट मांडून बसलेली. "तुह्यं बी हत्यार ठेव ना बाप्पा," म्हणाली होती. मी मोठ्या अभिमानानं वहीतून फ्लॉपी काढली, आणि तिनं चिमूटभर कुंकू नेमकं मधोमध, त्या फटीवर लावलं. मी ते वरून शर्टानं पुसलं होतं. एवढ्या वर्षांत ही दोन टोकं मी एकदाही जोडली नाहीत. इतरांचे हात तपासण्यात आयुष्य गेलं.

तो पोरगा अजून बोलत होता. "आमी इचारत, सर, तुमी तवाच काऊन नाई सांगितलं? तर म्हणत, सांगतलं असतं तर त्याले फ्लॉपी घरी नेली म्हणून मंडळातून काढलं असतं. आन् मी सांगतलं असतं तर पोरं म्हणली असती, याले आमची पूजा खुपते. नाव मातर सरायनं कधीच सांगतलं नाई."

मी खाली मान घालून बसलो. उठून सांगावं असं दहा वेळा वाटलं. नाही उठलो. मंडप रिकामा होऊ लागला तशी चप्पल शोधत होतो, तर रतनची बायको चहा घेऊन समोर आली. मला तिनं कधी पाहिलेलं नव्हतं.

"भाऊ, ते तुमीच ना?"

आजवरच्या सवयीनं तोंडातून निघालं, "तुमाले कोणं सांगितलं?"

"कोणं नाई. सारे हासले, तुमी येकलेच नाई हासले."

मी हात जोडले. "माफ करा वहिनी," म्हटलं. तिनं कप माझ्या हातात दिला, पदर सावरला आणि आवाज न चढवता म्हणाली, "मले म्हणून काय फायदा भाऊ? त्यायले म्हणायचं व्हतं. ते दर दसऱ्याले म्हणत, औंदा तरी दिगंबर येईल."