सुई हलण्याची वाट

घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कोणावर लिहिणं मला शोभतं का, ठाऊक नाही, माफ करा. बालाघाटला आमच्या प्रयोगशाळेतले अटेंडंट काका उष्णतेतून वीज देणाऱ्या एका स्फटिकाचे चिकटपट्टीने कांद्यासारखे पापुद्रे सोलत. सर्वांत पातळ पापुद्र्याला तारा जोडून तो अख्खा चहाच्या गरम गिलासावर ठेवत. मीटरची सुई हलत नसे.

"काहून रुसली वं बाई?" ते तिलाच विचारत.

निवृत्तीआधी ती एकदा हललेली पाहायची, एवढंच त्यांना हवं होतं.

पुढे जबलपूरला शिकताना मला कळलं, वीज निघायला पापुद्र्याचं एक टोक गरम, तर दुसरं थंड लागतं. तसं काकांना भीतभीत पत्र लिहिलं. काल त्यांचं कार्ड आलं: "दुसरं टोक माठाले चिकटवलं, बापू. रिटायर व्हायच्या दिवशी हलली."